खानजहानचं गोडं पाणी

गेल्या अंकात मी बांगलादेशातल्या बागेरहाट गावाबद्दल आणि तिथल्या खानजहान अली या सेनापती-पीराबद्दल दोन पानं लिहिली होती. तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पंधराव्या शतकाच्या मध्यात, सुंदरबनाच्या उत्तर कडेला, भैरव नदीच्या काठी या माणसानं जंगल तोडून अख्खं शहर उभं केलं. मशिदी (त्यातलीच एक षाट गंबुज, म्हणजे साठ घुमटांची मशीद), विटांचे रस्ते, पूल आणि तळी. शहराचं नाव खलिफताबाद. 1985 साली युनेस्कोनं ते जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मी इतिहासकार नाही. पाणीपुरवठ्यात तेहतीस वर्षं काढलेली बाई आहे, कुठल्याही गावात गेले तरी देवळाआधी विहिरीत डोकावते. बागेरहाटलाही 2012 च्या जानेवारीत गेले ती कोलकात्याच्या वन्संबरोबर, त्यांच्या सासऱ्यांचं मूळ गाव बघायला. परत आले ती तळ्यांची वही भरून. लेखावर चार पत्रं येतील असं संपादकांना वाटलं होतं, एकोणीस आली. त्यातली निवडक इथं घेते.

हा माणूस नक्की कोण, लढवय्या की फकीर? एका वाक्यात तुम्ही सेनापती म्हणता, पुढच्या वाक्यात पीर. दोन्ही एकदम कसं जमतं?
(एक वाचक, पैठण)

पैठणच्या माणसानं हा प्रश्न विचारावा! अहो, तुमच्या नाथांचे गुरू जनार्दनस्वामी कोण होते? देवगिरीचे किल्लेदार. दिवसा सुलतानाची चाकरी, पहाटे समाधी. किल्ल्यावर चाल आली तेव्हा स्वामी ध्यानात होते, म्हणून नाथांनीच गुरूचं चिलखत चढवलं आणि शत्रू परतवला, ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकलेली असणार. तेव्हा हातात तलवार आणि मनात देव हे आपल्याला नवं नाही.

खानजहानच्या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्याच्या कबरीवरचा लेख. एका घुमटाची साधी चौकोनी इमारत आहे, ठाकूरदिघी नावाच्या प्रचंड तळ्याच्या उत्तर काठावर. आत काळ्या दगडाची पायऱ्यापायऱ्यांची कबर, तिच्यावर अरबी-फारसी अक्षरं कोरलेली. त्यात मृत्यूची तारीख दिली आहे, हिजरी 863 च्या जिल्हेज महिन्याची 26. म्हणजे आपला 1459 चा ऑक्टोबर. त्याच्या हयातीत गौडच्या, म्हणजे बंगालच्या सुलतानाच्या, गादीवर नासिरुद्दीन महमूदशाह होता. लेखात त्याचा उल्लेख ‘उलुघ खान-ए-आझम खानजहान’ असा येतो. उलुघ म्हणजे तुर्कीत थोर. बाकीचे सगळे दरबारी किताब. थोडक्यात, दगडावर सरदार कोरलाय. पीर लोकांनी केला, आणि नावापुढचं ‘अली’ही लोकांनीच जोडलं.

लोकांची गोष्ट अशी. खान दिल्लीकडून आला, बरोबर मोठी फौज. बारोबाजार, मग जसोर, मग दक्षिणेला खाडीच्या मुलखात. फौजेच्या एका हातात तलवार, दुसऱ्या हातात कुदळ. जिथं तळ पडला तिथं एक मशीद आणि एक तळं, असं करत 360 मशिदी आणि 360 तळी झाली. हा आकडा मोजून आलेला नाही. वर्षाचे जितके दिवस तितकी, म्हणजे अगणित, असं समजायचं. म्हातारपणी त्यानं कारभार सोडला, ठाकूरदिघीच्या काठी झोपडीत फकिरासारखा राहिला आणि आपली कबर आपणच बांधून घेतली, असं सांगतात.

मला यातला कुदळीचा भाग पटतो. भरती-ओहोटीच्या त्या चिखलात कोण मोठा राजा चालून येणार होता? लढाई होती ती खाऱ्या पाण्याशी, वाघाशी, तापाशी. बंगालच्या दक्षिणेत जे जे पीर म्हणून पुजले गेले त्यातले बरेचसे जंगल तोडून भातशेती आणणारेच होते. सैन्य म्हणजे शिस्तीतली हजार-दोन हजार माणसं, रोज खायला घालायची, रोज कामाला लावायची. आमच्या खात्यात दुष्काळी कामांवर मजूर लावताना पाचशे माणसांचं मस्टर सांभाळताना नाकी नऊ यायचे. ही माणसं एका जागी टिकवायची तर पहिली गरज पिण्याच्या पाण्याची. ती कशी भागवली, ते शेवटच्या प्रश्नात येईल.

हा खानजहान म्हणजेच पेडगावचा का? आमच्याकडे भीमाकाठच्या बहादूरगडाशी खानजहानचं नाव जोडलेलं आहे.
(एक वाचक, श्रीगोंदा)

नाही, सव्वादोनशे वर्षांचं अंतर आहे. खानजहान हा किताब आहे, नाव नव्हे. तुमचा तो बहादूरखान कोका, औरंगजेबाचा दूधभाऊ, त्यालाही हा किताब मिळाला. पेडगावचा गड त्याचाच, 1689 साली संभाजीराजांना तिथं आणलं होतं. त्याच्याही आधी खानजहान लोदी झाला. यानं दख्खनची सुभेदारी केली, बालाघाट निजामशाहीला देऊन टाकला, शाहजहानविरुद्ध उठला आणि 1631 साली मारला गेला. एकच पागोटं, डोकी वेगळी. बागेरहाटच्या डोक्याचं मूळ नाव कबरीवरसुद्धा नाही.

‘साठ घुमटांची मशीद’ असं लिहून पुढे घुमट 77 आहेत म्हणता. मग साठ कुठून आले? छपाईची चूक आहे का?
(एक विद्यार्थिनी, पुणे)

छपाईची चूक नाही. माझ्यासारखीच तुलाही मोजायची खोड आहे, तर कागद घे. लांबीत 11 खण, रुंदीत 7 खण काढ. चौकोन झाले 77, प्रत्येकावर एक घुमट. आता घुमट पेलायला आतल्या रेघा जिथं जिथं एकमेकींना छेदतात तिथं खांब. अकरा खणांमध्ये दहा रेघा, सात खणांमध्ये सहा. दहा सख साठ. नाव षाट गंबुज, पण साठ आहेत ते खांब. बंगालीत खांबाला खांबा म्हणतात, त्यामुळे ‘षाट खांबाज’चं ‘षाट गंबुज’ झालं असं काहींचं म्हणणं. दुसरे म्हणतात मूळ शब्द ‘छाद’, म्हणजे छत, घुमटांचं छत. मी खांबवाल्यांच्या बाजूची. चार कोपऱ्यांतल्या बुरुजांवरचे छोटे घुमट धरले तर बेरीज 81 होते, तेव्हा परीक्षेत काय लिहायचं ते बाईंना विचार.

आणखी गंमत सांगते. पूर्वेच्या भिंतीला अकरा दारं, उत्तर-दक्षिणेला सात-सात. प्रत्येक खणाच्या तोंडाशी एक दार. पश्चिमेला अकरा मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारे कोनाडे, हवेत ना? तिथं दहाच आहेत. मधल्या मेहराबाशेजारची अकरावी जागा एका छोट्या दाराला दिली आहे. बहुधा सरदारानं थेट पुढच्या रांगेत शिरायचं दार. ही मशीद नुसती नमाजाची नसणार, कचेरीही तिथंच भरत असणार, असं ते दार बघून वाटतं.

बाहेरून इमारत सुमारे 160 फूट लांब आणि 108 फूट रुंद, भिंती सहा फुटांहून जाड. समोरच्या दोन बुरुजांत गोल जिने आहेत. एकाचं नाव रोशन कोठा, दुसऱ्याचं आंधार कोठा. मी आंधार कोठ्याच्या तिसऱ्या पायरीवरूनच परत फिरले, गुडघे बोलायला लागले.

घुमटांपैकी मधल्या ओळीतले सात घुमट गोल नाहीतच. चारी बाजूंनी उतरतं झोपडीचं छप्पर असतं तसे आहेत. बंगाली खेड्यातलं बांबू-गवताचं चौचाला घर विटेत बांधलंय. आपण ज्याला ऐटीत ‘बंगला’ म्हणतो तो शब्द याच बंगाली घरावरून आला. बाहेरून आलेल्या खानाच्या गवंड्यानं मशिदीच्या ऐन मध्यावर स्थानिक झोपडी बसवावी, हे मला फार आवडलं. मान वर करून मी तिथं इतका वेळ उभी राहिले की पहारेकऱ्यानं येऊन चौकशी केली.

खांब दगडाचे. त्या गाळाच्या मुलखात खडा मिळत नाही, दगड लांबून होड्यांवर आलेला. लोक म्हणतात, पीरानं हात लावला आणि शिळा पाण्यावर तरंगत आल्या. नंतरच्या डागडुजीत बऱ्याच खांबांना विटांचं आवरण चढवलं, म्हणून ते आता जाडजूड दिसतात, मुळात सडपातळ आहेत. आणि विटांना लोणा लागलाय. आमच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतल्या, घरांच्या जोत्याला लागतो तसाच, पांढरा, बोटाला मिठासारखा. जिभेला लावून बघितला. वन्संनी डोळे वटारले.

तळ्यात खरंच मगरी आहेत? त्या माणसं खात नाहीत का? माझं वय 11.
(एक वाचक, चिपळूण)

चिपळूणकरा, वाशिष्ठीच्या पुलावरून तुला ज्या मगरी दिसतात त्याच जातीच्या. गोड्या पाण्यातल्या. गोष्ट अशी आहे की खानजहाननं स्वतः मगरींची जोडी ठाकूरदिघीत सोडली. एकीचं नाव कालापहाड, दुसरीचं धलापहाड. म्हणजे काळा डोंगर आणि धवळा डोंगर. पुढे त्यांच्या पिल्लांनाही तीच नावं, नातवंडांनाही तीच. साडेपाचशे वर्षं. आमच्या घरी जसे तीन पिढ्या बाळाजी गणेश आणि गणेश बाळाजी झाले तसं.

मूळ वंश कमी होत गेला म्हणून 2005 साली मद्रासच्या मगर-केंद्रातून नव्या मगरी आणून सोडल्या. मी गेले तेव्हा जुन्या वंशातली एक शिल्लक होती. खादिम, म्हणजे दर्ग्याचा सेवक, पायरीवर उभा राहून ‘आय, आय’ (ये, ये) अशी हाक मारत होता, हातात पाय बांधलेली कोंबडी. दहा मिनिटं काहीच नाही. मग पाण्यावर दोन गाठी दिसल्या, त्या डोळ्यांच्या निघाल्या. मग लांब, शेवाळलेलं, ओल्या ओंडक्यासारखं नाक पायरीला येऊन टेकलं. खादिमानं त्या नाकावर हात ठेवला. नवस बोललेली एक बाई पदर तोंडात धरून उभी होती. कोंबडीचं पुढे काय झालं ते तुला सांगत नाही. 2015 साली ती शेवटची मगरही मेली. त्यानंतर उरल्या त्या मद्रासवाल्या.

तू मात्र नाकावर हात ठेवायला जाऊ नकोस. मगर पीराची असली तरी मगर असते.

मोठ्यांसाठी एक माहिती. कराचीजवळ मंघोपीराच्या दर्ग्यातही अशाच पुजलेल्या मगरी आहेत. आणि पाणीवाली म्हणून माझा एक आगाऊ तर्क. पिण्याच्या तळ्यात म्हशी डुंबू नयेत यासाठी याहून चांगला राखणदार पगारावर मिळणार नाही.

तुम्ही तलवारीवर पांघरूण घातलंत. सुलतानाचा सरदार जंगलात शिरला म्हणजे आधी राहणाऱ्यांना त्यानं हुसकावलंच असणार. अशा माणसाला संत म्हणणं मला पटत नाही.
(एक वाचक, नागपूर)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पांघरूण घातलं हे खरं, दोन पानांत तळ्यांच्या नादात ते राहून गेलं. तेव्हा आता काढते.

कबरीवरच्या त्याच लेखात खानाला पैगंबराच्या वंशजांचा मित्र आणि विद्वानांचा हितचिंतक म्हटलंय, आणि त्याच दमात काफरांचा द्वेष्टाही म्हटलंय. ती दरबारी बिरुदावली आहे, अशी ठोकळेबाज बिरुदं तेव्हाच्या सगळ्याच राजदरबारांत चालत. पण ज्यानं कोरून घेतली त्याला ती हवी होती, हेही खरंच. तिथून जवळच एक गाव आहे रणविजयपूर. नावातच लढाई आहे. तिथल्या मशिदीचा घुमट बांगलादेशातला सगळ्यात मोठा एकघुमट मानतात, आतून जवळजवळ 11 मीटर. आणि ठाकूरदिघीला ठाकूर का म्हणतात? खणताना बुद्धमूर्ती निघाली म्हणून, असं गावात सांगतात. म्हणजे रान अगदी ओसाड नव्हतं. खानाच्या आधी कुणीतरी तिथं देव मांडला होता.

आता दुसरी बाजू. या पीराची मोठी जत्रा कधी भरते? चैत्री पौर्णिमेला. आपल्याकडे ज्या दिवशी हनुमान जयंती आणि जोतिबाची यात्रा, त्याच दिवशी. मुसलमान पीराची जत्रा चैत्राच्या पौर्णिमेला भरते याचा अर्थ ती भरवणाऱ्यांत पंचांग बघणारे लोक होते, आणि आहेत. मी गेले तेव्हा एकाच पायरीवर बुरख्यातल्या बायका होत्या आणि ठसठशीत शेंदूर भरलेल्याही. कुणी कुणाला बाजूला व्हायला सांगत नव्हतं. आमच्या जिल्ह्यात, महाडात, तळ्याच्या पायरीवर उतरण्यासाठी 1927 साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. त्यामुळे पायरीवर कोण कोण उभं आहे ते माझे डोळे आपोआप मोजतात.

संत म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मीही लेखात ‘पीर’ म्हटलं ते तिथले लोक म्हणतात म्हणून. लढाया करणारे सरदार त्या मुलखात डझनांनी येऊन गेले, त्यांच्या नावानं कुणी कोंबडी सोडत नाही. याच्याच नावानं का सोडतात, एवढाच माझा प्रश्न होता. मला त्याचं उत्तर तळ्यात दिसलं, तुम्हाला कदाचित दुसरीकडे दिसेल.

रवींद्रनाथ टागोरांच्या घराण्याचा या खानजहानशी संबंध आहे असं कुठेतरी ऐकलं. खरं का?
(एक वाचक, सातारा)

संबंध आहे, पण वळणावळणाचा. खानजहानच्या कबरीशेजारी, पश्चिमेला, आणखी एक कबर आहे. महंमद ताहिरची. हा मूळचा ब्राह्मण, मुसलमान झाला, खानाचा दिवाण झाला. लोक त्याला पीर अली म्हणत. कथा अशी सांगतात की त्याच्याकडे कामाला असलेल्या दोघा ब्राह्मण भावांनी एकदा रोज्याच्या दिवसांत त्याला चिडवलं. तो लिंबू हुंगत होता, तेव्हा वास घेणं म्हणजे अर्धं खाणं, तुमचा रोजा मोडला, असं ते म्हणाले. काही दिवसांनी त्यानं या मंडळींना बोलावलं, शेजारच्या खोलीत गोमांस शिजत ठेवलं, आणि वास आल्यावर म्हणाला, अर्धं खाणं झालं बरं का. भाऊ वाळीत पडले. त्यांच्या आणि त्यांच्याशी सोयरिक करणाऱ्यांच्या कुळांना ‘पिराली ब्राह्मण’ हे नाव चिकटलं. टागोरांचा एक पूर्वज पिराली घरचा जावई झाला आणि टागोरही पिराली ठरले. खुद्द रवींद्रनाथांची पत्नी मृणालिनी खुलना भागातल्या दक्षिणडिही गावची, बागेरहाटपासून फार लांब नव्हे. इतर ब्राह्मण मुली देईनात, मग याच वर्तुळात बघावं लागे.

तुम्ही साताऱ्याचे म्हणून सांगते. रवींद्रनाथांचे एक मोठे भाऊ सत्येंद्रनाथ, सनदी परीक्षा पास झालेले पहिले हिंदी, यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. साताऱ्याला न्यायाधीश असताना ते 1897 साली निवृत्त झाले. या माणसानं तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. पंधराव्या शतकातल्या त्या स्वयंपाकाच्या वासाचा धागा असा तुमच्या गावच्या कोर्टापर्यंत येतो. बंगालच्या ब्राह्मणांनी ज्यांना पंक्तीबाहेर बसवलं त्यांनी देहूच्या वाण्याला जवळ करावं, यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

जायचं कसं?
(सहा-सात वाचक)

आम्ही कोलकात्याहून बेनापोलची सीमा ओलांडून जसोर, तिथून खुलना, तिथून बसनं बागेरहाट असे गेलो. खुलन्याहून तासाभराचा रस्ता, वाटेत रूपसा नदीवरचा पूल लागतो, त्यालाही खानजहानचंच नाव. व्हिसा आणि सीमेवरची परिस्थिती निघण्याआधी ताजी विचारून घ्या, माझी माहिती जुनी झाली. थंडीत जा. आणि वीस टाक्यांची जुनी नोट मिळाली तर जपून ठेवा, मागच्या बाजूला साठ-खांबी मशीद आहे. माझी पाकिटात आहे, खर्च करवत नाही.

मी अलिबागजवळच्या खारेपाटातला. आमच्या गावतळ्याचा तीन वर्षांपूर्वी गाळ काढला, जेसीबी लावून खोलीही वाढवली. तेव्हापासून पाणी मचूळ झालंय, मार्चनंतर तोंडात घेववत नाही. तुमच्या खानजहाननं साडेपाचशे वर्षांपूर्वी असं काय केलं जे आम्हाला जमलं नाही?
(एक वाचक, जि. रायगड)

तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटाला ठेवलं. माझं माहेर तुमच्या शेजारचंच. बांध, उघाडी (बांधातली झडपेची मोरी), खांड (बांधाला पडलेलं भगदाड) या शब्दांत वाढले. आई चैत्रात तळ्यावर पाण्याला जायची तेव्हा कळशी आडवी करून, वरवरचं पाणी अलगद आत घ्यायची. हंडा खोल बुडवला की आजी ओरडायची, ‘तळाचं ढवळू नको’. त्यामागचं शास्त्र मला कळलं ते नोकरीत एक घोडचूक केल्यावर.

1991 च्या उन्हाळ्यात तुमच्यासारख्याच एका गावात माझ्या देखरेखीखाली तळं खोल केलं. टंचाईचा निधी होता, मार्चअखेर होती, गावकरी म्हणत होते आणखी दोन फूट जाऊ द्या बाई, जास्त पाणी मावेल. मी जाऊ दिलं. निळसर काळी चिकण लागली होती ती संपली, खाली करडी रेती लागली. त्या संध्याकाळी खड्ड्याच्या कोपऱ्यात पाणी झिरपताना दिसलं, गावकऱ्यांनी नारळ फोडला. मी बोट बुडवून चाखलं आणि गप्प बसले. खारट. झरा लागला नव्हता, आम्ही तळ्याचं बूड फोडलं होतं. दोन गावांचं पाणी त्या वर्षी टँकरवर गेलं. ही चूक ठेकेदाराची नव्हे, माझी.

खारजमिनीत खाली सगळीकडे खारं पाणी असतं. तळं म्हणजे त्या खाऱ्यावर तरंगवलेलं पावसाचं पाणी. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. मध्ये चिकणीचा जाड थर असतो तोवर दोघांची गाठ पडत नाही. म्हणून अशा मुलखात तळं खोलीला वाढवायचं नसतं, पसरट वाढवायचं. ठाकूरदिघी बघा, समोरच्या काठावर उभा माणूस बाई की बुवा कळत नाही इतकी रुंद. जितका पसारा तितका पाऊस थेट वरून पडतो. आणि चारी बाजूंना उंच, रुंद काठ. भैरवचं भरतीचं पाणी आत येणार नाही इतके उंच, खणलेल्या मातीचेच. मशिदींची जोती उचललेली आहेत तीही माती तिथलीच असणार, विटाही तिथल्याच. षाट गंबुजच्या मागेही असंच एक तळं आहे, घोडादिघी. घोडा दमेपर्यंत दौडवून त्याची लांबी ठरवली म्हणे. खोलीसाठी कुणी घोडा दौडवत नाही, एवढं लक्षात घ्या.

आजही खुलना-बागेरहाटच्या किनारपट्टीत कूपनलिकेला खारं पाणी लागतं, काही ठिकाणी आर्सेनिकही सापडतं. त्यातून कोळंबीसाठी शेतात मुद्दाम खारं पाणी घेतात. मग बायका पुन्हा तळ्यावरच येतात. आता तळ्याकाठी वाळूच्या गाळणीची टाकी असते, हातपंपानं तळ्याचं पाणी वर टाकीत चढवायचं, वाळूतून झिरपून नळाला येतं. मी तो पंप दहा-बारा वेळा मारून ग्लासभर प्यायले. वन्संनी इथंही डोळे वटारले. पाणी चांगलं होतं.

आता तुमचं काम. येत्या मेमध्ये तळं पुरतं आटलं की तळाशी रेती कुठे उघडी पडलीय ते बघा. सगळीकडे नसेल. तिथं बाहेरून चिकण आणून सहा-सहा इंचांचे थर द्या, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं ठोकून घट्ट करा. दीड-दोन फूट भरेपर्यंत. जेसीबीनं नुसती ओतून चालणार नाही, ती भिजून फुगली आणि दाबली तरच पाणी धरते. काठ उधाणाच्या सगळ्यात वरच्या खुणेहून निदान हातभर उंच आहेत ना, हे पाहून घ्या, आणि उंदरांची-खेकड्यांची बिळं बुजवा, खांड नेहमी तिथूनच जाते. उघाडीची झडप बाहेरच्या पाण्यानं बंद होते का, ते भरतीच्या वेळी स्वतः उभं राहून बघा. पहिल्या चार-पाच जोरदार पावसांचं पाणी ओहोटीला सोडून द्या, तळातलं मीठ धुऊन निघेल. मग भरू द्या. त्यानंतर मोटर तळाशी टाकायची नाही, पाणी वरून घ्यायचं, तरंगत्या पाइपनं.

पाण्यातल्या क्षारांचं मीटर हल्ली हजाराच्या आत मिळतं. वरचं आणि तळाचं असं दोन ठिकाणचं पाणी दर महिन्याला मोजा आणि वहीत लिहा. लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत असलं तर उत्तम, 2000 च्या वर गेलं की पिऊ नका. माझं मीटर आहे. अक्षय्य तृतीयेला मी माहेरी असते, संपादकांकडे गावाचं नाव कळवून ठेवा. फक्त त्याआधी कुणालाही जेसीबी लावू देऊ नका, आणखी दोन फुटांसाठी तर अजिबातच नाही.